‘निधी नाही’ म्हणतात तेव्हा नेमके काय नसते?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ग्रामीण रुग्णालयांच्या पैशांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतली चार निवडली आहेत. मी आरोग्य विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यातली एकोणीस वर्षे आदिवासी भागातल्या ३० खाटांच्या एकाच ग्रामीण रुग्णालयात गेली. डॉक्टर येत-जात, बदल्या होत. कॅशबुक मात्र माझ्याच हाताने लिहिले जाई. म्हणून पैशांबद्दल जे सांगते आहे ते खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

*

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. इमारत नवी आहे, फरशी चकचकीत आहे. पण सिझर म्हटले की बाईला जिल्ह्याला पाठवतात. एक्स-रे मशीन चार महिने बंद आहे. विचारले की एकच उत्तर मिळते, ‘निधी नाही.’ दर वर्षी कोट्यवधी रुपये जाहीर होतात, ते जातात कुठे? आम्ही गावकऱ्यांनी विचारायचे तरी कुणाला?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक जिल्हा

उत्तर : सर, ‘निधी नाही’ हे वाक्य मी स्वतः अनेकदा लोकांना सांगितले आहे. काही वेळा ते शंभर टक्के खरे होते. काही वेळा पैसे खात्यावर पडून होते, आणि तरीही मी तेच सांगितले. त्या दुसऱ्या प्रकाराविषयी पुढे सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे तिथेच आहे.

आधी हे लक्षात घ्या की रुग्णालयाचा पैसा एका पिशवीत येत नाही. नियमित कर्मचाऱ्यांचे पगार राज्याच्या तिजोरीतून, २२१० या मुख्य लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कप्प्यातून, कोषागारामार्फत निघतात. इमारतीचा पैसा ४२१० मधून येतो आणि बांधकाम विभाग तो खर्च करतो; रुग्णालयाच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही. औषधे बहुतेक वेळा वस्तुरूपानेच येतात, म्हणजे खोकी येतात, पैसे नाहीत. काही यंत्रे जिल्हा वार्षिक योजनेतून मिळतात, ॲम्ब्युलन्स कधी आमदार निधीतून मिळते. आणि १२ एप्रिल २००५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, वेगळा प्रवाह आहे. त्यात सध्या आपल्यासारख्या राज्यांसाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. कंत्राटी सिस्टर, तंत्रज्ञ, आशाताईंचा मोबदला, बाळंतपणाच्या योजना, हे सगळे या प्रवाहातले.

या खिशातला पैसा त्या खिशात घालता येत नाही. तुमच्याकडे फरशी चकचकीत आणि एक्स-रे बंद, याचे कारण हेच. फरशीचे पैसे मंजूर झाले होते. मशीनच्या दुरुस्तीचे, किंवा मशीन चालवणाऱ्या माणसाच्या पगाराचे, झाले नव्हते. त्यामुळे ‘निधी नाही’ म्हटले की पुढचा प्रश्न लगेच विचारावा : कशाचा निधी नाही? मशीन बिघडले आहे की तंत्रज्ञाचे पद रिकामे आहे? बिघडले असेल तर तक्रार कोणत्या तारखेला नोंदवली? यंत्रांच्या देखभालीचे कंत्राट असते आणि त्यातल्या यंत्रावर ओळखक्रमांकाचे स्टिकर चिकटवलेले असते. तक्रारीची तारीख मागितली की बरेच धुके निवळते. चार महिने बंद असलेल्या मशीनची तक्रारच कुणी केलेली नाही, असे मी पाहिले आहे.

सिझरचेही तसेच. त्याला शस्त्रक्रियागृह पुरत नाही. भूलतज्ज्ञ लागतो, रक्त साठवण्याची सोय लागते, बाळाला धरायला शिकलेले हात लागतात. कायम भूलतज्ज्ञ नसेल तर बाहेरच्या डॉक्टरांना प्रति केस मानधन देऊन बोलावण्याची तरतूद अभियानात आहे. तुमच्या रुग्णालयात ती वापरली जाते का, गेल्या वर्षभरात किती वेळा वापरली, हे विचारा.

आता मुक्त निधीबद्दल. अनटाइड फंड हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कोणत्याही एका योजनेला न बांधलेला, रुग्णालयाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा हा पैसा. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वर्षाला साध्या उपकेंद्राला २०,०००, प्राथमिक आरोग्य केंद्राला १,७५,००० आणि ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला ५,००,००० रुपये. मी एकदा हिशेब केला होता : पाच लाख भागिले तीस खाटा भागिले तीनशे पासष्ट दिवस. एका खाटेमागे दिवसाला साधारण पंचेचाळीस रुपये. पगार, औषधे यांत नाहीत हे खरे. पण नळ, दिवे, फिनेल, बॅटरीचे पाणी, तुटलेला स्टँड, अचानक संपलेले एखादे इंजेक्शन, हे सगळे या पंचेचाळीस रुपयांत. मला हा आकडा कमी वाटतो, आणि सरकारने तो वाढवला पाहिजे असे मी नोकरीत असतानाही बैठकांमध्ये सांगत आले.

पण तेवढाही खर्च होत नसे. ते का, हे एका प्रसंगातून सांगते.

ऑटोक्लेव्ह म्हणजे शस्त्रक्रियेचे सामान वाफेने निर्जंतुक करायचे मोठे कुकर. त्याच्या झाकणाला आतून एक काळे रबरी कडे बसते, गॅसकेट. ते चिरले की वाफ कडेने सूं सूं करत बाहेर येते आणि काटा १५ पौंडांवर चढतच नाही. त्या वर्षी पावसाळ्यात आमचे गॅसकेट चिरले. थिएटरच्या सिस्टरने दोन दिवस कापडाची पट्टी दाबून धरून पाहिले, तिच्या मनगटावर वाफेचा चट्टा उठला. काटा बारावर अडायचा. ड्रम निर्जंतुक नाहीत म्हटल्यावर ऑपरेशने बंद. सिझर बंद, कुटुंब नियोजनाचा कॅम्प रद्द, साधा गळू कापायचा तरी जिल्ह्याची चिठ्ठी. गॅसकेटची किंमत एका माणसाच्या दोन दिवसांच्या मजुरीइतकी. मुक्त निधीच्या खात्यावर दोन लाखांहून अधिक रक्कम होती.

आणि फाइल माझ्या टेबलावर होती. ती मी अडवली. तीन दरपत्रके हवीत, असे मी लिहिले. तालुक्याला ते रबर विकणारे दुकान एकच होते. मला माहीत होते. पण आदल्या वर्षीच्या लेखापरीक्षणात, दरपत्रकाविना घेतलेल्या गाद्यांवर आक्षेप निघाला होता. त्याचा खुलासा लिहिता लिहिता मी तीन महिने झोपले नव्हते. खर्च केला तर आक्षेप येतो. नाही केला तर कुणी काही विचारत नाही. सरकारी कार्यालयात हे गणित फार लवकर अंगात भिनते.

अकरा दिवस ऑटोक्लेव्ह बंद राहिला. त्या अकरा दिवसांत ज्या बायांना पुढे पाठवले, त्यातली एक घाटातच ॲम्ब्युलन्समध्ये बाळंत झाली. सोबतच्या सिस्टरने निभावले, बाई आणि मुलगी दोघी सुखरूप राहिल्या. ॲम्ब्युलन्स परत आली तेव्हा मागचा पत्रा धुताना मी खिडकीतून पाहिले. त्या दिवशी मी स्वतः एसटीने जाऊन गॅसकेट आणले, बिल नंतर लावले.

पुढच्या महिन्यात अधीक्षक सरांनी रुग्ण कल्याण समितीत ठराव घेतला : तातडीची, ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी अधीक्षकांनी थेट करावी आणि पुढच्या बैठकीत तिला कार्योत्तर मंजुरी घ्यावी. एका पानाचा ठराव. तो आधी असता तर मी घाबरले नसते.

ही समिती म्हणजे तुमचे खरे दार आहे, सर. रुग्ण कल्याण समितीची कल्पना १९९४-९५ च्या सुमारास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रुजली. पुढे अभियानाने ती देशभर नेली. समितीत लोकप्रतिनिधी, अधिकारी, स्थानिक नागरिक असतात आणि मुक्त निधीचा खर्च तिच्या मंजुरीने होतो. बहुतेक गावांत ही समिती आहे हेच लोकांना ठाऊक नसते. बैठकीची नोंदवही तयार होते, सह्यांसाठी ती घरोघर फिरते, आणि बैठक मात्र झालेली नसते. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर सदस्य म्हणून आले आणि चित्र पालटले. ते दर महिन्याला येऊन कॅशबुक मागायचे. रागावणे नाही, आरोप नाही. चष्मा पुसायचे आणि एकेक ओळ वाचायचे. त्यांच्या आग्रहावरून ओपीडीच्या खिडकीशेजारी फळा लावला आणि त्यावर गेल्या महिन्याचा खर्च खडूने लिहू लागलो. बॅटरी, बाळंतपणाच्या खोलीतला नळ, बेबी वॉर्मरचा बल्ब, झाडू. लोक थांबून वाचत. एका आजीने विचारले, ‘बायांच्या संडासाला कडी कधी बसवता?’ त्या आठवड्यात बसवली. मला तर त्या फळ्याने बळच दिले, कारण आता खर्च न करण्यालाही कुणीतरी जाब विचारणारे होते.

मार्चचेही सांगायला हवे. बरीचशी रक्कम वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत येते. मी २८ मार्चला आलेली तरतूद पाहिली आहे. तीन दिवसांत दरपत्रके, आदेश, माल, बिल, कोषागार. त्या घाईत गरजेचे नाही, मिळेल ते विकत घेतले जाते. पूर्वी अभियानाचा उरलेला पैसा निदान खात्यावर राहायचा. २०२१ पासून एकल नोडल खात्याची, म्हणजे राज्यभरासाठी एकाच खात्याची, पद्धत आली. आता रुग्णालयाच्या खात्यावर पैसे नसतात, खर्चाची मर्यादा दिलेली असते, आणि ती वापरली नाही तर परत जाते. जागोजाग पडून राहणारा पैसा दिसू लागला, हे या पद्धतीचे चांगले अंग आहे. पण मर्यादाच फेब्रुवारीत मिळाली तर एप्रिल ते जानेवारी रुग्णालयाने काय करायचे? म्हणून तुम्ही विचाराल तेव्हा ‘किती मिळाले’ एवढेच विचारू नका. कोणत्या तारखेला मिळाले तेही विचारा.

कुणाला विचारायचे? ग्रामीण रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक आणि त्यांच्या वर जिल्हा शल्य चिकित्सक. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र असेल तर तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे जिल्हा परिषद. लोक शल्य चिकित्सकांकडे उपकेंद्राची तक्रार नेतात आणि अर्ज महिनोन् महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. आधी तोंडी मागा, मग साध्या अर्जाने मागा. नाहीच मिळाले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. गेल्या दोन वर्षांतला मुक्त निधीचा जमाखर्च आणि समितीच्या बैठकांचे इतिवृत्त, एवढेच मागा. पसारा मागितला की उत्तरही पसाऱ्यातच येते.

आणि वरच्या पातळीवर पैसा कमी आहे, हेही विसरू नका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते की राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. आमदारांना भेटाल तेव्हा नव्या इमारतीची मागणी करू नका. रिकामी पदे भरण्याची करा. इमारतीला कोनशिला असते, सिस्टरच्या पगाराला नसते. म्हणून पगाराची मागणी लोकांनाच लावून धरावी लागते.

*

प्रश्न : सरकारी दवाखाना मोफत झाला म्हणतात. तरी माझ्या सुनेच्या बाळंतपणात बाहेरून औषधे आणायला चिठ्ठी दिली. आठशे रुपये गेले. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बरोबर नाही, काका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क बंद झाले आहे. बाळंतिणीच्या बाबतीत तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासूनच आहे. औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, येण्याजाण्याची गाडी, सगळे मोफत.

औषध संपले असेल तर स्थानिक खरेदी करून ते रुग्णाला द्यायचे असते. चिठ्ठी आणि दुकानाचे बिल जपून ठेवले असेल तर दोन्हीच्या प्रती जोडून वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. सिस्टरशी भांडू नका. साठा संपल्याचे बहुधा तिनेच आधी वर कळवलेले असते. पैसे परत मिळतीलच असे मी म्हणत नाही. पण अर्जाची नोंद झाली की ते औषध संपले होते हे कागदावर येते, आणि पुढची मागणी त्या कागदावरून वाढते.

*

प्रश्न : आम्ही दोघेही डॉक्टर आहोत. मराठवाड्यातल्या एका गावात धर्मादाय न्यासाचे २० खाटांचे रुग्णालय चालवतो. चाळीस किलोमीटरच्या आत दुसरी सोय नाही. खर्च भागत नाही. आमच्यासारख्यांना सरकारी अनुदान मिळू शकते का?
– एक डॉक्टर दांपत्य

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्रासोबतचा ताळेबंद मी दोनदा पाहिला. तुम्ही दोघांनी पगार घेतलेला नाही, हे त्यात कुठे लिहिलेले नाही, पण दिसते.

स्पष्टच सांगते : लहान न्यासांच्या रुग्णालयांना दर वर्षी ठरलेली रक्कम मिळावी, अशी सरसकट व्यवस्था आपल्याकडे नाही. सेवाग्रामला आहे, तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा खर्च केंद्र ५०, राज्य २५ आणि कस्तुरबा हेल्थ सोसायटी २५ टक्के असा वाटून घेतला जातो. पण ते १९६९ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्यासारख्यांपुढे जो सरकारी मार्ग आहे तो अनुदानाचा नाही, कामाच्या मोबदल्याचा आहे : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ मध्ये नाव बदललेली हीच ती. आता ती केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडलेली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. अंगीकृत व्हायचे, म्हणजे योजनेच्या यादीतले रुग्णालय व्हायचे असेल तर खाटा, मनुष्यबळ आणि सोयी यांच्या अटी आधी नीट तपासा.

एक धोका मात्र ओळखून पाऊल टाका. योजनेत पैसे शस्त्रक्रियेला, ठरावीक पॅकेजला मिळतात. तुमच्याकडे येणारा सापाचा रुग्ण, जुलाबाचे मूल, रात्री दोनला आलेली कळ, आणि कुणीही आले नाही तरी जागी राहिलेली सिस्टर, यांतले बरेचसे पॅकेजात बसत नाही. शिवाय क्लेम मंजूर होऊन पैसे यायला वेळ लागतो आणि पगार मात्र एक तारखेला द्यायचा असतो. चार महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय योजनेवर विसंबू नका. माझे स्वतःचे मत असे की जिथे चाळीस किलोमीटरमध्ये दुसरे रुग्णालय नाही, तिथे सरकारने खाटा जाग्या ठेवण्याचेच पैसे द्यावेत, रुग्ण किती आले ते न मोजता. अग्निशमन दलाला आपण आगी मोजून पगार देत नाही.

दुसरा रस्ता कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली आरोग्याचे काम बसते. त्यासाठी न्यासाला आयकर खात्याची १२ए आणि ८०जी, आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंदणी लागते. कंपन्या यंत्र द्यायला तयार होतात, पगार द्यायला नाही. म्हणून त्यांच्याकडे सौर पॅनेल, जनरेटर असे मागा, ज्याने तुमचा महिन्याचा खर्च उतरेल. नवे यंत्र दिलेच तर पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे त्याच पत्रात मागून घ्या.

आणि धर्मादाय आयुक्तांच्या योजनेचे भान ठेवा. वार्षिक खर्च पाच लाखांवर असलेल्या न्यासाच्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, म्हणजे तुमच्याकडे दोन आणि दोन. बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. तुम्ही त्याच्या कितीतरी पट मोफत करता, पण नोंद नाही. ती आजपासून ठेवा. कुणाकडेही मदत मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच येतो.

*

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या उपकेंद्राला पाणी नाही. सिस्टर घरून दोन कॅन भरून आणते. हात धुवायचे तरी कसे? जिल्हा परिषद म्हणते निधी आल्यावर बघू.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, यासाठी जिल्हा परिषदेची वाट पाहू नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात देशभर स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली, तो वेगळा विषय. तो पैसा इमारती आणि तपासण्यांच्या कामांसाठी होता आणि अशा कामांना वेळ लागतो. तुमचा प्रश्न एका नळाचा आणि एका टाकीचा आहे.

वित्त आयोगाचा जो नेहमीचा निधी ग्रामपंचायतीला येतो, त्यातला काही भाग बंधित असतो, म्हणजे स्वच्छता आणि पाणी यांवरच खर्चायचा असतो; पंधराव्या आयोगाच्या काळात, २०२६ पर्यंत, तो ६० टक्के होता. उपकेंद्राची नळजोडणी या पाण्याच्या हिश्शात मागा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या. उपकेंद्र आरोग्यवर्धिनी केंद्र (आताचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) झाले असेल तर त्याला वर्षाला ५०,००० रुपये मुक्त निधी असतो, त्यातून टाकी, नळ आणि बेसिन बसेल. शिवाय गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपये येतात. यंदाचे आले का, हे आशाताईंना विचारा.

टाकी पाचशे लिटरहून लहान घेऊ नका आणि नळ कोपराने उघडता येईल असा लांब दांडीचा घ्या. सिस्टरचे दोन्ही हात भरलेले असतात. विषय मासिक सभेत नको, ग्रामसभेत मांडा, तोही सिस्टरला शेजारी उभे करून. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि टाकी बसली की मला कळवा.